शहराचा गोंगाट, गावाचा गोंगाट: ठाणे जिल्ह्यात आवाज येतो कुठून?

ठाण्यात आवाजाला वैतागलेल्या माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं, "दोन दिवस गावाला जाऊन निवांत झोपून येतो." गाव मुरबाडकडचं असो की शहापूरकडचं, तिथे शांतता असणारच हे आपण धरूनच चालतो. ऐन लग्नसराईत गेलेला माणूस मात्र झोपेचं खोबरं करून परत येतो.

शहरात गोंगाट आणि गावात शांतता अशी सरळ वाटणी आता राहिलेली नाही. गोंगाट दोन्हीकडे आहे, पण त्याची जात वेगळी आहे. शहरातला आवाज शेकडो ठिकाणांहून गोळा होतो, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. गावातला आवाज एक-दोन ठिकाणांहूनच येतो आणि तो कोण करतंय हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पण तो करणारा भावकीतला, शेजारचा नाहीतर गावच्या पुढाऱ्यांपैकी असतो, म्हणून कुणी तोंड उघडत नाही. शहरात आवाजाला मालक नाही आणि गावात मालकाला विचारणारं कुणी नाही. हा फरक लक्षात न घेता एकच नियम दोन्हीकडे लावायला गेलं की काहीच हाती लागत नाही, आणि गेली कित्येक वर्षं आपण तेच करतो आहोत.

आधी डेसिबल समजून घेऊ

निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येईल असा आवाज म्हणजे साधारण ० डेसिबल. खेड्यातली शांत रात्र ३० च्या आसपास, समोरासमोर बसून मारलेल्या गप्पा ६० च्या आसपास, आणि वाहत्या महामार्गाच्या कडेला उभं राहिलं तर ७५ ते ८०. पण हे आकडे सरळ चालत नाहीत. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा १० पट होते, २० वाढले की १०० पट, ३० वाढले की १००० पट. कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते. त्यामुळे "मर्यादा ५५ ची होती, ६५ झाला, दहानेच तर वाढला" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगायला हवं की आवाजाची ऊर्जा दहा पट झाली आहे.

याच गणिताची दुसरी बाजू शहराच्या मुळावर येते. ६० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर १२० होत नाहीत, ६३ होतात. उलट बघायचं तर रस्त्यावरची निम्मी वाहनं कमी केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि तेवढा फरक कानाला कसाबसा कळतो. घोडबंदर रोडवरून एखादा ट्रक कमी झाला, एका इमारतीचं काम थांबलं, एका मंडळाने स्पीकर बंद केला, तरी घरात बसलेल्या माणसाला काही बदल जाणवत नाही. "माझ्या एकट्याने काय होणार आहे?" हे शहरातलं नेहमीचं उत्तर गणिताच्या हिशोबाने खरंच आहे, आणि म्हणूनच शहरातला आवाज एकेकट्याला दटावून कमी होत नाही. तो रस्ते, वेळापत्रकं आणि यंत्रं बदलूनच कमी होतो.

अंतराचाही हिशोब आहे. एका जागी उभ्या असलेल्या स्पीकरपासून आपण दुप्पट लांब गेलो की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. वाहता रस्ता मात्र एक लांबच लांब रेघ असते, तिथे अंतर दुप्पट केलं तरी ३ डेसिबलच कमी होतात. हायवेपासून दोन गल्ल्या आत घर घेतलं की शांतता मिळेल असं वाटतं, पण ती अपेक्षेइतकी मिळत नाही, त्याचं कारण हे.

रात्री दोन वाजताचा घोडबंदर रोड

ठाण्यातल्या आवाजाचा सगळ्यात मोठा वाटा वाहनांचा आहे, आणि त्यातही अवजड वाहनांचा. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर गुजरातकडे आणि भिवंडीच्या गोदामांकडे जायला ठाण्याच्या अंगावरूनच जातात. दिवसा गर्दीच्या वेळी त्यांना बंदी असते, म्हणून ते रात्री सुटतात. वाहतुकीच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर आहे. झोपेच्या दृष्टीने तो सगळा भार नेमका त्या आठ तासांवर टाकतो ज्यांसाठी कायद्याने सगळ्यात कडक मर्यादा ठरवली आहे.

कासारवडवली, वाघबीळ, मानपाडा या पट्ट्यातल्या एखाद्या टॉवरमध्ये अकराव्या-बाराव्या मजल्यावर खिडकी उघडी ठेवून ऐकत बसलं की एका ट्रकचेच चार-पाच आवाज वेगळे काढता येतात. आधी लांबून टायरची एकसुरी घरघर. मग चढावर गिअर बदलल्यावर इंजिनाचा घोगरा जोर. उड्डाणपुलाच्या सांध्यावरून गेला की "धडक-धडक" असे दोन-तीन ठोके, पुढच्या आणि मागच्या चाकांचे. ट्रक रिकामा असेल तर मागचा फाळका आणि त्याच्या साखळ्या आपटतात, आणि रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त वाजतो. शेवटी सिग्नलला एअर ब्रेकचा फुस्कारा. यातला हॉर्न तेवढा आपल्या लक्षात राहतो, पण रात्रभराचा खरा आवाज टायर, सांधे आणि खड्डे यांचा असतो. कारच्या बाबतीत तर ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायरचाच आवाज जास्त. त्यामुळे गाड्या विजेवर चालायला लागल्या की रस्ते शांत होतील, ही आशा मोकळ्या महामार्गावर फारशी पुरी होणार नाही. कोंडीत, कमी वेगात मात्र त्यांचा नक्की फायदा होईल.

वरच्या मजल्यावर आवाज कमी येतो हा आणखी एक गैरसमज. खालच्या मजल्यांना कंपाउंडची भिंत, दुकानांची रांग, झाडं यांचा थोडा आडोसा मिळतो. आवाजाचा उगम आणि कान यांच्यामध्ये भरीव अडथळा असेल तरच आवाज अडतो. वरच्या मजल्याला अख्खा रस्ता उघडा दिसतो, म्हणून तो उघडा ऐकूही येतो. समोरासमोर उभ्या टॉवरच्या भिंतींवरून आवाज परतून येतो ते वेगळंच.

नवी मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. सायन-पनवेल महामार्ग आणि ठाणे-बेलापूर रस्ता दिवसरात्र वाहतात, तुर्भ्याच्या बाजार समितीत भाजीपाल्याच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागायला सुरुवात होते, आणि पाम बीच रोडवर रात्री रिकामा रस्ता मिळाला की सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकली सुसाट निघतात. त्यात आता विमानांची भर पडली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरअखेर प्रवासी उड्डाणं सुरू झाली. विमानाचा आवाज वरून येतो, त्याला भिंत, झाड, इमारत कशाचाच आडोसा नसतो. उलवे, पनवेल भागातल्या लोकांनी आधी टेकडी उडवणारे सुरुंग ऐकले आणि आता उड्डाणं. उड्डाणांचे मार्ग आणि रात्रीच्या वेळा हा विषय तिथल्या रहिवाशांनी सुरुवातीलाच लावून धरावा असं मला कळकळीने वाटतं. वेळापत्रक एकदा भरलं की ते रिकामं करणं फार अवघड जातं.

बांधकामाचा ब्रेकर

ठाणे गेली कित्येक वर्षं सतत बांधलं जातंय. जुन्या इमारतींचा पुनर्विकास, मेट्रो, उड्डाणपूल, नाले. यातला सगळ्यात त्रासदायक आवाज म्हणजे काँक्रीट फोडणारा ब्रेकर. त्याचं कारण त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या स्वभावात आहे. एकसारखा आवाज मेंदू काही वेळाने मागे टाकतो, पण ठोक्यांचा आवाज प्रत्येक ठोक्याला नव्याने कानात शिरतो. त्यातच ब्रेकर थांबतो, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होतो, आणि तो पुन्हा कधी सुरू होईल या वाट पाहण्यातच जीव मेटाकुटीला येतो. नौपाड्यासारख्या जुन्या, दाट वस्तीत तर दोन इमारतींमध्ये जेमतेम काही फुटांचं अंतर. तिथे शेजारची इमारत पाडताना घरातल्या आजोबांना, तान्ह्या बाळाला, बारावीच्या पोराला कुठे न्यायचं हा प्रश्न खरा असतो आणि त्याला कुणाकडे उत्तर नसतं.

जमिनीत खांब ठोकून घालण्याऐवजी भोक पाडून ओतले, यंत्रांना आवाज अडवणारी आवरणं घातली, काँक्रीटच्या गाड्यांच्या वेळा पाळल्या, तर यातला बराच आवाज कमी होतो. जनरेटरच्या बाबतीत तर नियमच आहे: १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये.

सरासरी काय लपवते

"आमच्याकडे आवाज आहे" असं आपण म्हणतो आणि "मोजमापात तर मर्यादेत आहे" असं उत्तर येतं. दोघंही खरं बोलत असतात. याचं कारण, नियमातली मर्यादा क्षणाची नाही, सरासरीची आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात चार प्रकारची क्षेत्रं केली आहेत. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात (दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या आसपास) ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, उरलेली रात्र.

आता निवासी भागातली एक रात्र घ्या. आठही तास ४० डेसिबल, म्हणजे अगदी छान शांतता. फक्त एकदा, पहाटे तीनला, खिडकीखालून गेलेल्या गाडीने दोन सेकंद ८५ डेसिबलचा हॉर्न मारला. आठ तासांची सरासरी काढली तर ती बरोबर ४५ च्या आसपास येते. म्हणजे कागदावर मर्यादा पाळली गेली, आणि अख्खं घर मात्र जागं झालं. सरासरी वाईट नाही, दीर्घकाळच्या परिणामांसाठी तीच उपयोगी पडते. पण झोप मोडते ती उसळीने. मोजणाऱ्याने सरासरीबरोबर रात्रीतला सगळ्यात मोठा आवाज किती होता आणि असे किती आले, हेही नोंदवायला हवं.

बास भिंतीतून का येतो

डीजेबद्दल तक्रार करणाऱ्या माणसाला हमखास ऐकावं लागतं, "एवढ्या लांब आहे, गाणं ऐकूसुद्धा येत नाहीये." ते बरोबर आहे. गाणं ऐकू येत नाही, छातीत धडधड तेवढी येते.

आवाजात उंच आणि खालच्या पट्टीच्या लहरी असतात. उंच पट्टीच्या लहरी भिंतीने, झाडांनी, हवेनेही अडतात. बासच्या लहरी लांबच लांब असतात, काही काही तर पाच-सहा मीटरच्या. त्या भिंतीला वळसा घालतात, खिडकीच्या सैल काचेला हलवतात आणि लांबपर्यंत न थकता जातात. वाटेत बाकीचं गाणं गळून पडतं आणि फक्त ठोका पोचतो.

आणि इथेच मोजमाप कमी पडतं. नियमातले डेसिबल 'ए' पद्धतीने मोजतात. माणसाचा कान खालच्या पट्टीला कमी संवेदनशील असतो, म्हणून ही पद्धत बासचे डेसिबल हिशोबातून मोठ्या प्रमाणात वजा करते. ६३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६३ कंपनांच्या, ठोक्याचे जवळजवळ २६ डेसिबल वजा होतात. म्हणजे तुमच्या खोलीत ९० डेसिबलचा बास धडकत असेल तर यंत्रावर तो ६४ दिसणार. 'ए' पद्धत साध्या रोजच्या आवाजांसाठी बरी आहे. मोठ्या सबवूफरसमोर ती तक्रारदाराला खोटं पाडते. चांगल्या यंत्रात 'सी' पद्धतीचीही सोय असते, ती बासला जवळपास पूर्ण मोजते. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की फरक कुणालाही दिसेल.

मोबाइलवरच्या ॲपने ढोबळ अंदाज येतो, पण फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठा आवाज आणि खोल बास त्याला झेपत नाही. त्याचा आकडा पुरावा म्हणून पुढे करू नका, कधी वाढतं आणि कधी उतरतं हे स्वतःला समजायला वापरा.

आता गावाकडे

गावात शहरासारखी पार्श्वभूमी नसते. रात्री ३०-३५ डेसिबलची शांतता असते, आणि त्यावर पडलेला प्रत्येक आवाज उठून दिसतो. ठाण्यात ६० च्या कोलाहलात एक ट्रॅक्टर मिसळून जातो, पण तोच ट्रॅक्टर पहाटे वाडीतून निघाला तर शेवटच्या घरापर्यंत कळतो.

त्यात रात्रीच्या हवेचा हात असतो. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, म्हणून आवाज वरच्या दिशेला वळतो. रात्री, विशेषतः हिवाळ्यात, जमीन निवते, खालची हवा थंड आणि वरची त्यामानाने गरम होते. मग आवाज उलटा खाली वळतो आणि जमिनीला धरून लांब जातो. कसारा घाटातल्या गाडीचा भोंगा पौष-माघातल्या रात्री कोसावरच्या पाड्यात ऐकू येतो तो असा. मध्ये टॉवर नाहीत, भिंती नाहीत, सगळं मोकळं. शेजारच्या गावातला साउंड इथे वाजल्यासारखा वाटतो.

आकड्यात सांगायचं तर, दहा मीटरवर १०५ डेसिबल वाजणारा डीजे मोकळ्या जागेत ८० मीटरवर ८७, ३२० मीटरवर ७५ आणि ६४० मीटरवर ६९ राहतो. जमीन आणि झाडं यातला काही भाग शोषतात, पण वर सांगितली तशी रात्रीची हवा असेल तर तेवढाच आवाज परत मिळतो. अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या घरात माणसं बोलतात त्यापेक्षाही हा आवाज मोठा, आणि तोही मध्यरात्री.

ठाणे-रायगड पट्ट्यात लग्नाइतकीच हळद मोठी होते. हळदीच्या रात्री सगळं गाव, पाहुणे, पोरंबाळं अंगणात नाचतात. तो आनंद खराच आहे, आणि तो असायलाच हवा. पूर्वी तिथे धवलारीणींची, म्हणजे लग्नगीतं गाणाऱ्या बायकांची, गाणी, ढोलकी, बेंजो असे. आता टेम्पोवर रचलेले स्पीकर आणि त्याखाली बासचे डबे असतात. ते सुरू झाले की पत्र्याचं छप्पर झणझणायला लागतं, मांडणीवरची ताटं एकमेकांवर थरथरतात, गोठ्यातली गुरं दावं ओढतात. गावातलं घर बहुतेक वेळा पत्र्याचं किंवा कौलारू, खिडक्यांना काच नाही, दारं बंद होत नाहीत. शहरातला माणूस निदान खिडकी लावून एसी चालवू शकतो. इथे तशीही सोय नाही.

आणि मग कुणीतरी धीर करून जातं. "दादा, बाबांना बरं नाही, जरा आवाज कमी करता का?" "अरे, आपल्या घरचंच कार्य आहे, वर्षातून एकदा तर असतं." संपलं. खरी गोम पुढे असते: गावात पंचवीस घरं आणि प्रत्येकाचं "वर्षातून एकदा". शिवाय वाढदिवस, पूजा, जत्रा, निवडणुकीचा विजय. आज ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याच घरी उद्या आपल्याला पंगतीला बसायचं असतं. पोलीस ठाणं लांब, तालुक्याच्या गावी. तक्रार कुणी केली हे सकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून गावातल्या आवाजाची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तो नाहीच असं धरलं जातं. देशातलं ध्वनिमापनाचं स्वयंचलित जाळं म्हणजे सात महानगरांतली ७० केंद्रं. त्यात एकही खेडं नाही.

लग्नसराई चार महिन्यांत संपते, बाकीचे आवाज बारमाही. दगडखाणी आणि खडी क्रशर घ्या. ड्रिलिंग, सुरुंग, दगड भरडणारी यंत्रं आणि दिवसभर गावातून जाणारे डंपर. सुरुंगाचा आवाज एका क्षणाचा, पण जमीन हादरते आणि भिंतींना चिरा जातात. भाताची आणि पिठाची गिरणी, डिझेल पंप, केबिन नसलेला ट्रॅक्टर यांचा त्रास शेजाऱ्यापेक्षा चालवणाऱ्याला जास्त. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज नव्वदीच्या आसपास असतो आणि नांगरणीच्या दिवसांत तो तासन् तास त्यातच असतो. नवे महामार्ग ही अलीकडची भर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि शहापूर तालुक्यातल्या ज्या पाड्यांनी आजवर वाऱ्याचा आणि ओढ्याचा आवाज ऐकला होता तिथे टायरची अखंड घरघर पोचली. त्या रस्त्याचा उपयोग मोठा आहे. पण पाड्याजवळून जाणाऱ्या पट्ट्यात आवाज अडवणारी भिंत मागणं हा तिथल्या माणसांचा हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

भिवंडी ना पूर्ण शहर ना पूर्ण गाव. तिथल्या साध्या यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि एका शेडमध्ये असे डझनावारी माग. आत आवाज ९० च्या पुढे असतो, माणसं खुणांनी आणि ओठ वाचून बोलतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे, पण पाळी बारा तासांची असते. अनेकांची राहायची खोली शेडच्या वरच किंवा शेजारी. त्यांच्या कानांना विश्रांती अशी मिळतच नाही.

कानाचं आणि काळजाचं काय होतं

आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात. आवाजाने त्या वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. भाताची कोवळी रोपं गुरांनी एकदा तुडवली तर सावरतात, रोज तुडवली तर झोपतात, तसंच यांचं होतं. फरक इतकाच की माणसाच्या या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, असा सुरक्षित वेळ दर ३ डेसिबलला निम्मा होत जातो. १०० डेसिबलला तो फक्त १५ मिनिटं उरतो. ढोल-ताशा पथकातली मुलं-मुली सरावात याहून मोठ्या आवाजात कितीतरी वेळ उभी असतात. त्यांनी कानात बोळे घालणं हे नाचताना पायाला घुंगरू बांधण्याइतकं साहजिक व्हायला हवं. वाजवून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, ऐकू कमी येत असेल, तर ती कानाला इजा झाल्याची खूण आहे.

रस्त्याच्या आवाजाने कान जात नाहीत, पण त्याचा मार्ग वेगळा आहे. माणूस झोपला तरी कान जागा असतो. आवाज आला की शरीर धोक्याची तयारी करतं, ताणाची संप्रेरकं स्रवतात, नाडी आणि रक्तदाब थोडे चढतात, आणि सकाळी आपल्याला यातलं काही आठवत नाही. हे वर्षानुवर्षं रोज रात्री होत राहिलं की हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशीत रस्त्याचा आवाज रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. आपल्या निवासी भागाची रात्रीची मर्यादाही ४५ च आहे. म्हणजे नियम ढिला नाही. तो पाळला जात नाही, एवढंच.

कायदा काय देतो

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. घरच्या हळदीला ही सूट आपोआप लागू होत नाही. एखाद्या ठिकाणचा आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त असेल तर कुणीही तक्रार करू शकतं, आणि रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तर आकडा मोजायचीही वाट बघावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट सांगितलं की बोलण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क नव्हे.

या लढाईत ठाण्याचा वाटा मोठा आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. शहरांचे ध्वनिनकाशे (कुठे किती आवाज आहे ते दाखवणारे नकाशे) तयार करणं, पोलिसांकडे आवाज मोजायची यंत्रं असणं, तक्रारीची नीट व्यवस्था असणं, हे सगळं त्यातून पुढे आलं. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट ठासून सांगितली: तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. शहरात ही सोय आहे. गावात, जिथे ओळख हेच तक्रार न करण्याचं खरं कारण आहे, तिथे हा आधार फार मोलाचा आहे आणि तो गावातल्या माणसाला माहीत असला पाहिजे.

तक्रार ११२ वर करा. ठिकाण, किती वाजता सुरू झालं, आवाज कशाचा आहे, जवळ दवाखाना किंवा शाळा आहे का, हे नेमकं सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. शहरातल्या सोसायट्यांनी एकेका आवाजामागे धावण्यापेक्षा महापालिकेकडे ध्वनिनकाशा मागावा, आणि आपल्या समोरच्या उड्डाणपुलाचे सांधे, खड्डे, अवजड वाहनांचा वेग यांबद्दल लेखी पाठपुरावा करावा. रात्रीचा बराचसा ठोका तिथूनच येतो.

गावात रात्री पोलीस बोलावण्याची वेळच येऊ नये, तर बोलणी आधी व्हायला हवीत. ग्रामसभेत सगळ्यांसाठी एकच ठराव झाला की कुणा एकाला वाईट व्हावं लागत नाही, आणि साउंडवाल्यालाही धंद्यासाठी आवाजाची चढाओढ करावी लागत नाही. डीजेची सुपारी देतानाच चार गोष्टी कागदावर घ्या: दहाला बंद, बासचे डबे किती, स्पीकरची तोंडं अंगणाकडे आणि जमिनीकडे कललेली, आणि वरात दवाखान्याजवळून जाताना मशीन बंद. त्या कागदाची एक प्रत पोलीस पाटलांकडे द्या.